हातभर शब्द, वीतभर पोट

मामांच्या हातात रिपोर्ट दिला तेव्हा वाटलं, आधी विचारतील, ‘काय निघालं रे?’ दोन महिने पोटात जळजळ, मध्यरात्री उठून भिंतीला टेकून बसणं, अर्धी भाकरी खाऊन ताट बाजूला सारणं, एवढं सगळं झाल्यावर माणूस दुसरं काय विचारणार? मामांनी चष्मा कपाळावरून नाकावर ओढला, कागद हातभर लांब धरला आणि वरच्या दोन ओळी वाचून म्हणाले, ‘तोड चुकलीय.’

मला कळेना. ‘कसली तोड?’

‘ही बघ की.’ त्यांनी नखाने दाखवलं. तपासणीचं नाव अरुंद रकान्यात मावलेलं नव्हतं, म्हणून छापणाऱ्या यंत्राने ते मनाला येईल तिथे मोडलं होतं. वरच्या ओळीत ‘इसोप’ आणि एक आडवी रेघ, खालच्या ओळीत ‘हागोगॅस्ट्रोड्युओडेनोस्कोपी’. ‘त्या गोष्टीवाल्या ईसॉपला हागायला पाठवलंय बघ यांनी,’ मामा म्हणाले आणि पोट धरून हसले. तेच दुखरं पोट. स्वयंपाकघरातून मामी ओरडल्या, ‘वयाची तरी लाज धरा.’

मामांचं वय ब्याऐंशी. शिक्षण सातवी. सांगलीतल्या एका छापखान्यात त्यांनी अडतीस वर्षं जुळाऱ्याचं काम केलं. जुळारी म्हणजे कंपोझिटर, शिशाचे खिळे एकेक करून उचलून ओळ जुळवणारा. आता हा धंदा राहिलेला नाही, शब्दही राहिलेला नाही. लहानपणी सुट्टीत मी तिकडे गेलो की छापखान्यातल्या उंच स्टुलावर बसून त्यांचे हात बघत राही. मराठी मजकुराच्या केसमधल्या, म्हणजे खिळे ठेवायच्या पेटीतल्या, खणांना अंत नसे. जोडाक्षरं वेगळी, रफार वेगळे, अर्धी अक्षरं वेगळी. त्यामानाने इंग्रजी म्हणजे सुटसुटीत काम. सव्वीस लहान, सव्वीस मोठी, थोडी विरामचिन्हं, संपलं. मामा म्हणत, ‘इंग्रजी सोपी भाषा आहे, खणच किती थोडे.’ त्यांच्या दृष्टीने भाषेचं मोजमाप खणांत होतं.

साखर कारखान्यांचे ताळेबंद, कॉलेजची वार्षिकं, परीक्षांचे पेपर असं इंग्रजी काम छापखान्यात येई. मामांना त्यातल्या वाक्याचा अर्थ क्वचितच लागे. पण शब्द कुठे मोडतो हे त्यांना बी.ए. झालेल्या माणसापेक्षा पक्कं ठाऊक होतं, कारण ओळ दोन्ही कडांना सरळ बसवायची तर शेवटचा लांब शब्द मोडावाच लागतो, आणि भलतीकडे मोडला तर प्रूफ परत येतं, मालक ओरडतो. मग मामांनी आपल्यापुरते नियम लावून घेतले. ‘पी’ आणि ‘एच’ हे नवरा-बायको, त्यांना दोन ओळींत झोपवायचं नाही. शेवटी ‘मेंट’ असेल तर त्याच्या आधी तोड. सुरुवातीला ‘इंटर’, ‘अँटी’, ‘ऑटो’ असेल तर त्याच्यानंतर तोड. आणि सगळ्यांच्या वरचा नियम, जो त्यांनी मला मटणाच्या दुकानासमोर उभं राहून सांगितला होता : ‘सांध्यावर तोडायचं, हाडावर नाही. हाडावर घाव घातला की चुरा होतो.’

या नियमावर माझं निम्मं इंग्रजी उभं आहे.

आमच्या शाळेत नववीला एक सर होते. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक शब्द लिहिला : अँटीडिसएस्टॅब्लिशमेंटेरिअनिझम. अठ्ठावीस अक्षरं. पाठ करून घेतला. कोण न चुकता म्हणतो याची स्पर्धा लावली. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, ‘सर, याचा अर्थ?’ सर म्हणाले, ‘अर्थ परीक्षेला येत नाही.’ शब्द परीक्षेला येत होता असंही नाही. पण त्या दिवशी वर्गाला एक गोष्ट पुरती कळली : इंग्रजी नावाचा एक गड आहे, त्याचा दरवाजा असा उंच आहे आणि आपण बाहेर आहोत.

तोच शब्द मी मे महिन्यात मामांना कागदावर लिहून दाखवला. त्यांनी अर्थाची विचारपूसही न करता पेन्सिलीने पाच उभ्या रेघा मारल्या. अँटी, डिस, एस्टॅब्लिश, मेंट, एरिअन, इझम. ‘मधला एक तेवढा खरा,’ ते म्हणाले, ‘बाकी सगळे वऱ्हाडी.’ त्या वऱ्हाडातून वाट काढत मला अर्थ लागला तो बऱ्याच वर्षांनी, इंग्लंडचा इतिहास वाचताना. एस्टॅब्लिश म्हणजे स्थापणं. इथे राज्याने एका चर्चला आपलं अधिकृत चर्च म्हणून स्थापणं. एकोणिसाव्या शतकात प्रश्न उभा राहिला की ही सांगड का असावी? आयर्लंडमध्ये तर बहुसंख्य प्रजा कॅथलिक आणि अधिकृत चर्च मात्र अँग्लिकन. ग्लॅडस्टनच्या सरकारने १८६९ साली कायदा केला आणि १८७१ पासून तिथली सांगड सुटली. वेल्सचा कायदा १९१४ चा, पण मध्ये महायुद्ध आलं, अंमल १९२० साली. सांगड सोडणं म्हणजे डिसएस्टॅब्लिशमेंट. ती सोडा म्हणणारे ते ‘एरिअन’. त्यांना विरोध करणारे ‘अँटी’. आणि त्या विरोधाचं तत्त्वज्ञान ‘इझम’. खुद्द इंग्लंडमध्ये हे विरोधकच जिंकले म्हणायचे. राजा अजूनही चर्चचा प्रमुख आहे. ज्यांचा जय झाला त्यांचं नाव मात्र आता फक्त स्पेलिंगच्या स्पर्धेत उरलं आहे.

गंमत अशी की हे वऱ्हाड लावण्याचं काम आपण मराठी माणसं रोज करतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. माझी चार वर्षांची नात परवा म्हणाली, ‘मला घरासमोरच्यांच्यासारखीच सायकल हवी.’ घर, समोर, च्यां, च्या, सारखी, च. रोमन लिपीत लिहून काढलं तर सत्तावीसेक अक्षरं भरतात. तिला कुणी शाबासकी दिली नाही, उलट सायकल मिळणार नाही म्हणून सांगितलं. लांबीची भीती वाटते ती लिहिलेल्या शब्दाची आणि तीही परक्या. बोलता बोलता आपण कितीही डबे जोडतो.

सत्तावीस अक्षरांवरून आठवलं. शेक्सपिअरच्या ‘लव्हज लेबर्स लॉस्ट’ या नाटकात बरोबर तेवढ्या लांबीचा शब्द आहे : ऑनरिफिकॅबिलिट्यूडिनिटॅटिबस. मूळ लॅटिन, सन्मानाला पात्र असण्याची अवस्था असा काहीसा अर्थ, आणि तोही विभक्तीचा प्रत्यय लागलेला. मला आवडतं ते हे, की शेक्सपिअरने तो पंडिताच्या तोंडी घातला नाही. दोन विद्वान लॅटिन पाजळत उभे आहेत आणि कॉस्टर्ड नावाचा गावठी गडी आर्मादो नावाच्या बढाईखोर स्पॅनिश सरदाराच्या चिमुकल्या पोऱ्याला म्हणतो की, तुझ्या मालकाने तुला एक शब्द समजून गिळून कसं टाकलं नाही, तू तर या अमक्या शब्दापेक्षाही बुटका आहेस. विद्वानांचा शब्द उचलून त्यांच्याच पायात अडकवला. पुढे १९१० मध्ये एका इंग्रज गृहस्थांनी याच शब्दाची अक्षरं उलटसुलट करून लॅटिन वाक्य बनवलं : ‘ही नाटकं, एफ. बेकनची अपत्यं, जगासाठी राखून ठेवली आहेत.’ म्हणजे शेक्सपिअर तो नव्हेच, खरा लेखक फ्रान्सिस बेकन! मामांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘भरलेली केस हातातून सांडली की सगळे खिळे जमिनीवर पडतात. त्यातून रामरक्षासुद्धा जुळवता येईल.’

लांब शब्दांना इंग्रजीत जे विशेषण आहे, सेस्क्विपेडालिअन, ते रोमन कवी होरेसच्या एका ओळीतून आलं. त्याने अवजड शब्दांना दीड फुटी म्हटलं होतं. दीड फूट म्हणजे आपला एक हात. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन टोमण्याचं मराठी भाषांतर करायला कोश उघडावा लागत नाही : हातभर शब्द. पुढे कुणा खवचटाने याच विशेषणाला पाणघोडा आणि राक्षस जोडून लांब शब्दांच्या भीतीचं नाव तयार केलं, हिप्पोपोटोमॉन्स्ट्रोसेस्क्विपेडालिओफोबिया. म्हणजे रोग्याने डॉक्टरला रोगाचं नाव सांगता सांगताच झटका यायचा.

या सगळ्या खानदानात माझा जीव जडला आहे तो एकावर. फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन. एकोणतीस अक्षरं. एखाद्या गोष्टीला कवडीमोल ठरवणं, एवढाच अर्थ. ऑक्टोबर २०१८ मध्ये शशी थरूर यांनी आपलं नवं पुस्तक म्हणजे नुसता चारशे पानांचा हा अमुक उद्योग नव्हे असं लिहिलं आणि अर्धा भारत कोश उघडून बसला. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी ‘फॅरॅगो’ वापरला होता तेव्हाही हेच झालं. फॅरॅगो तसा ठेंगणा शब्द, आणि त्याचा मूळ लॅटिन अर्थ आमच्याकडच्या कुठल्याही गोठ्यात समजेल : गुरांना घालायचा मिसळ चारा. कडबाकुट्टी म्हणा. थरूरांनी टीव्हीवरच्या चर्चेला कडबाकुट्टी म्हटलं असतं तर जास्त लोकांना कळलं असतं आणि जास्त लागलंही असतं.

पण फ्लॉक्सि... चं तसं नाही. तो मामांच्या पद्धतीने सांध्यावर तोडला की आतून शाळकरी पोरांचा एक आख्खा वर्ग बाहेर पडतो. फ्लॉकी म्हणजे लोकरीचा पुंजका. नॉकी म्हणजे टरफल. निहिली म्हणजे काहीच नाही. पिली म्हणजे केस, अंगावरचा एक केस. इटनसारख्या इंग्रजी शाळांत लॅटिन व्याकरण घोकताना हे चार शब्द एका नियमाखाली ओळीने येत : तुच्छता दाखवायची असेल तर ‘मी तुला पुंजक्याचा समजतो, टरफलाचा समजतो’ असं म्हणायचं आणि त्या पुंजक्याला, त्या टरफलाला षष्ठी लावायची. कुणातरी कार्ट्याने नियमातले चारही शब्द उचलून एका माळेत ओवले आणि शेवटी ‘फिकेशन’ची गाठ मारली. कवी विल्यम शेनस्टनच्या १७४१ च्या एका पत्रात तो शब्द पहिल्यांदा लिहिलेला सापडतो.

हे वाचलं तेव्हा मला कधीकाळी संस्कृतच्या शिकवणीला घोकलेलं एक सूत्र आठवलं आणि अंगावर काटा आला. पाणिनी, दुसरा अध्याय, तिसरा पाद, सतरावं सूत्र : मन्यकर्मण्यनादरे विभाषाऽप्राणिषु. ‘मानणे’ या क्रियापदाचं कर्म निर्जीव वस्तू असेल आणि अनादर दाखवायचा असेल, तर त्या कर्माला विकल्पाने चतुर्थी लावावी. उदाहरण, न त्वां तृणाय मन्ये. मी तुला गवताच्या काडीइतकंही मानत नाही. काडी नको असेल तर भुसा घ्या, बुसाय मन्ये. तिकडे पुंजका, इकडे काडी. तिकडे षष्ठी, इकडे चतुर्थी. तुच्छता दाखवायला व्याकरणात स्वतंत्र खण करून ठेवावा इतकी ती माणसाला रोज लागते, हे दोन्ही व्याकरणकारांना पक्कं कळलेलं होतं.

मग मराठीत का नको? आपल्याकडे तर माल भरपूर आहे. फुटकी कवडी, दमडी, काडी, भाजीचं देठ. आणि ‘फिकेशन’ला नेमका जोड आहे ‘ईकरण’. लॅटिनमधला करण्याचा धातू तिथे, संस्कृतमधला करण्याचा धातू इथे. जोडा : कवडीदमडीकाडीदेठीकरण. हा शब्द मी मामींवर वापरून पाहिला. ‘मामी, तुम्ही माझ्या आणलेल्या वांग्यांचं कवडीदमडीकाडीदेठीकरण करताय.’ मामी म्हणाल्या, ‘किडकी आहेत.’

जुन्या पिढीला असले विनोद फार आवडत. सिग्नलला म्हणे अग्निरथगमनागमनसूचकलोहपट्टिका आणि टायला कंठलंगोट. आमच्या लहानपणी लग्नाच्या पंगतीत हे ऐकवून हमखास हशा मिळे, आणि त्याचा रोख भाषाशुद्धीवाल्यांवर असे. पण असा शब्द कुठल्या सरकारी कागदावर मी तरी कधी पाहिला नाही. चेष्टा करणाऱ्यांनीच तो बनवला आणि चेष्टा करणाऱ्यांनीच जगवला. सावरकरांनी दिलेले म्हणून जे शब्द आपण आज सहज वापरतो, ते दिनांक, महापौर, हुतात्मा. तीन-चार अक्षरांत आटोपणारे. लांबीचं वेड आपल्या परंपरेत होतं ते दुसरीकडे. बाणभट्टाच्या ‘कादंबरी’त समास सुरू झाला की संपेपर्यंत चहा निवतो, आणि आपण मराठीत प्रत्येक कादंबरीला नाव ठेवलंय ते त्या पुस्तकाचं. विजयनगरच्या तिरुमलांबेने सोळाव्या शतकात एका चंपूकाव्यात १९५ अक्षरांचा एक सलग समास लिहिला आहे. तिच्यापुढे इटनची पोरं म्हणजे बालवाडी. समास उलगडण्याला संस्कृतात विग्रह म्हणतात, आणि भांडणालाही विग्रहच. दोन्हींत एकत्र असलेलं सुटं करायचं असतं.

माझा स्वतःचा विग्रह लांब शब्दांशी नाही. तो आहे आखूड शब्दांशी. तीस वर्षं मी एका बँकेत कर्जखात्यावर काढली. तिथल्या कागदांत एक शब्दजोड असे, जॉइंटली अँड सेव्हरली. दिसायला निरुपद्रवी. नॉटविथस्टँडिंगसारखी पंधरा अक्षरांची भिंतही नाही. पण जामीनदाराच्या सहीवर तिचा अर्थ असा की कर्जदार आणि जामीनदार मिळून तर देणेकरी आहेतच, शिवाय प्रत्येकजण सुटासुटा पूर्ण रकमेचा देणेकरी आहे. बँकेला वाटलं तर ती सगळी रक्कम एकट्याकडून वसूल करील. मराठी नमुन्यात ‘संयुक्तपणे व पृथकपणे’ असं लिहिलेलं असे, त्याने कुणाला काही कळल्याचं मी पाहिलं नाही. गावातला एखादा म्हातारा चुलतभावाच्या पोराला जामीन राहायला येई, टोपी मांडीवर ठेवून सही कुठे करायची विचारी. कागदाच्या तळाला ‘मजकूर वाचून दाखवला, समजला’ असं आधीच छापलेलं. सुरुवातीची काही वर्षं मीही फक्त बोट ठेवून दाखवत होतो, इथे, इथे आणि मागच्या पानावर. एका वसुलीत एका जामीनदाराची बैलजोडी गेलेली पाहिली, त्यानंतर मी म्हणू लागलो, ‘अण्णा, अर्धं नाही हां. पोरगं पळालं तर सगळं तुमच्याकडून.’ काही जण टोपी घालून उठून गेले. वरिष्ठ मला म्हणाले, तुम्हाला भाषांतर करायला सांगितलेलं नाही.

आणि आता त्या सर्वांत लांब शब्दाबद्दल. इंग्रजी कोशांत छापलेला सर्वांत लांब म्हणून जो दाखवतात तो पंचेचाळीस अक्षरांचा : न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस. सांधे उघडेच आहेत. फुप्फुस, अतिसूक्ष्म, सिलिका, ज्वालामुखी, धूळ, आणि शेवटी रोगाची निशाणी ‘ओसिस’. ज्वालामुखीतली सिलिकाची बारीक धूळ छातीत बसून होणारा रोग. पण डॉक्टरांनी तो कधी वापरला नाही. अमेरिकेत शब्दकोडी सोडवणाऱ्यांची एक जुनी संघटना आहे, नॅशनल पझलर्स लीग. तिचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी १९३५ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या बैठकीत तो सादर केला, वर्तमानपत्राने छापला आणि हळूहळू कोशांनी आत घेतला. आमच्या कंठलंगोटाचा अमेरिकन भाऊ. फरक एवढाच की त्याला कोशात पाट मिळाला.

शब्द खोटा, रोग खरा. खरं नाव सिलिकोसिस, इंग्रजीत नऊ अक्षरं. स्मिथसाहेब बैठकीत टाळ्या घेत होते त्याच्या चार वर्षं आधी वेस्ट व्हर्जिनियात हॉक्स नेस्टचा बोगदा खणताना सिलिकाच्या दगडाची कोरडी धूळ खाऊन शेकडो मजूर मेले होते, त्यांत कृष्णवर्णीय फार. १९३६ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे त्याची सुनावणी झाली. कोडं जुळवणाऱ्यांनी वर्तमानपत्रातून हा रोग उचलला असेल का, हा विचार मी पुष्कळदा करतो.

मला सिलिकोसिस हा शब्द कळला तो मात्र मंदसौरमुळे. मध्य प्रदेशातलं हे गाव पाटीवरच्या पेन्सिलींसाठी ओळखलं जाई. तिथला थरांचा दगड यंत्राच्या करवतीने कापून त्याच्या बारीक कांड्या काढतात. कोरड्या कापणीचा धुरळा कामगारांच्या नाकातोंडात जाई. गेल्या शतकाच्या सत्तर-ऐंशीच्या दशकांत डॉक्टरांनी तिथल्या कामगारांच्या छात्या तपासल्या, तेव्हा तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांना सिलिकोसिस निघाला. माणसं तरुणपणी मरत होती. मी अ, आ, इ गिरवलं ते त्याच काळाच्या जरा आधी, पाटीवर, तशाच पांढरट राखाडी पेन्सिलीने. शिवाय आम्ही पेन्सिली खायचो. आई मारायची, तरी खायचो; ओल्या मातीचा वास यायचा. अक्षर चुकलं की थुंकी लावून पुसायचं आणि पेन्सिल झिजली की नवीन घ्यायची, पाच पैशांना किती तरी यायच्या. इतक्या स्वस्त कशा, हा प्रश्न कुणी फळ्यावर लिहिला नाही.

सिलिकोसिस आणि क्षय यांची छातीच्या फोटोत गल्लत होते, आणि सिलिकोसिस झालेल्याला क्षय पटकन धरतोही. म्हणून कितीतरी मजुरांच्या कागदावर डॉक्टर ‘टीबी’ लिहून मोकळे होत. दोन अक्षरं. टीबी गरिबीने होतो, कुणालाही होतो, त्याला मालक जबाबदार नाही. सिलिकोसिस मात्र १९४८ च्या कारखाना कायद्यातल्या कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीतला. तो लिहिला की कारखान्याचं नाव आलं, चौकशी आली, भरपाई आली. मजुराचं आयुष्य त्या नऊ अक्षरांवर अडलेलं, आणि पंचेचाळीस अक्षरांचा शब्द तोपर्यंत प्रश्नमंजूषेच्या पुस्तकांत मानाने बसलेला.

डॉक्टरी भाषेतला दुसरा एक शब्द मात्र खरा आहे आणि विनोदीही आहे. फुलर आल्ब्राइट या अमेरिकन डॉक्टरांनी १९४२ मध्ये एक आजार वर्णिला. तो पॅराथायरॉइड ग्रंथी कमी चालण्यासारखा दिसे, पण ग्रंथी ठीक असत. म्हणून त्याला ‘स्युडो’, खोटा, असं जोडून नाव दिलं. दहा वर्षांनी त्या खोट्यासारखाच दिसणारा पण तोही नसलेला एक प्रकार सापडला. तेव्हा झालं स्युडोस्युडोहायपोपॅराथायरॉइडिझम. खोट्याचा खोटा. मामांना हा फार आवडला. ‘आमच्या छापखान्यात असला शब्द आला असता,’ ते म्हणाले, ‘तर प्रूफ तपासणाऱ्याने एक स्युडो खोडलाच असता. दोनदा जुळवला म्हणून माझा पगार कापला असता.’

रिपोर्टचं राहिलंच. मामांनी पेन्सिल मागितली. पाटीची नव्हे, शिसपेन्सिल. आणि खाटेवर बसून त्या नावाच्या सांध्यांवर रेघा ओढल्या : इसोफॅगो, गॅस्ट्रो, ड्युओडेनो, स्कोपी. मग माझ्याकडे पाहिलं. आता अर्थ सांगायची पाळी माझी होती.

‘इसोफॅगो म्हणजे अन्ननलिका. गॅस्ट्रो म्हणजे जठर. स्कोपी म्हणजे आत बघणं. तुमच्या तोंडातून नळी घातली होती ना, तीच.’

‘आणि हे मधलं, ड्युओडेनो?’

‘जठराच्या पुढचा आतड्याचा पहिला तुकडा. तिथेच तुम्हाला जखम झालीय, छोटी. गोळ्यांनी भरून येईल म्हणाले डॉक्टर.’

‘ते कळलं. शब्दाचा अर्थ काय?’

‘लॅटिनमध्ये बारा. तो तुकडा बारा बोटं लांब असतो म्हणून.’

मामांनी उजव्या हाताची चार बोटं आडवी धरून पोटावर एकदा ठेवली, मग पुढे सरकवून दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. नंतर पंजा ताणून त्याच जागेवर अंगठ्यापासून करंगळीपर्यंत पसरला. बरोबर बसला.

‘म्हणजे वीत,’ ते म्हणाले. ‘बारा बोटांची वीत. सरळ वीत म्हणायचं की मग.’ आणि हात तसाच पोटावर ठेवून आत हाक मारली, ‘अगं, गोळ्या जेवणाआधी की जेवणानंतर?’